पुढून काहीतरी वाजते आहे

जुन्या पिकअपच्या मालकाशी बोलताना तिच्या इंजिनाविषयी, तिच्या डिझेलच्या खपाविषयी, फार काय मालकाच्या चिरंजीवांच्या शैक्षणिक प्रगतीविषयीही शंका व्यक्त करावयास हरकत नाही. परंतु गाडीच्या पुढच्या चाकांखालून येणाऱ्या आवाजाविषयी मात्र, तो कितीही स्पष्ट, कितीही नियमित आणि कितीही चिंताजनक असला, तरी प्रथम तोंड उघडण्याचा मान पाहुण्याने स्वतःकडे घेऊ नये, असे माझे मत आहे. तो आवाज मालकाने ऐकलेला नसतो असे मुळीच नाही. तुमच्याआधी कित्येक महिने त्याने तो ऐकलेला असतो, त्याची रीतसर दखल घेतलेली असते, आणि ‘आंब्याचा हंगाम आटोपल्यावर पाहावे’ असा मनातल्या मनात शेरा मारून ते प्रकरण त्याने दप्तरदाखल केलेले असते. अशा वेळी शेजारी बसलेला एखादा उपटसुंभ मान तिरपी करून, कपाळाला आठ्या घालून, “अहो, पुढून काहीतरी वाजतंय का?” असे विचारतो, तेव्हा मालकाच्या मुद्रेवर जी छटा उमटते ती पाहिल्यानंतर उरलेला सबंध घाट खिडकीबाहेरचे सृष्टिसौंदर्य न्याहाळण्यात घालवणेच श्रेयस्कर ठरते.

आमचे मेहुणे रत्नागिरी तालुक्यातले आंबा-बागायतदार. त्यांच्यापाशी एक पिकअप आहे. तिचा रंग पांढरा असल्याचे आर. सी. बुकात नमूद आहे, आणि सरकारी दस्तऐवजावर अविश्वास दाखवण्याचे मला काही कारण नाही. चैत्र-वैशाखात ही गाडी तिन्हीसांजेला पेट्या भरून निघते आणि सुमारे साडेतीनशे किलोमीटरांची मजल रातोरात मारून पहाटे वाशीच्या फळबाजारात रुजू होते. वर्षाच्या उरलेल्या काळात जांभ्याचे चिरे, शेणखत, मांडवाची भांडी, गणपतीची मूर्ती आणि प्रसंगविशेषी तबला-पेटीसह एखादे भजनी मंडळ अशा, परस्परांशी सुतराम संबंध नसलेल्या मालाची वाहतूक तिच्याकडे असते. (भजनी मंडळ हा माल कायद्यात बसत नाही, परंतु अभंग चालू असताना गाडी अडवण्याचे धैर्य अद्याप कोणत्याही हवालदाराने दाखवलेले नाही.) ह्या सर्व कामगिरीचा मार्ग बहुधा मुंबई-गोवा महामार्गावरून जातो. ह्या महामार्गाचा क्रमांक पूर्वी १७ होता, तो आता ६६ आहे. आणि त्याच्या रुंदीकरणाला हात घातला गेला तेव्हा जी मुले बालवाडीत जात होती, ती आज वाहन चालवण्याचा परवाना काढण्याच्या वयाला आली आहेत. रस्ता जेथे झाला आहे तेथे तो उत्तम झाला आहे, हे कबूल केले पाहिजे. मात्र उत्तम रस्त्यावरून ताशी ७० च्या वेगाने येणारी गाडी, जेथे तो झालेला नाही तेथे त्याच वेगाने पोचते, आणि मग पुढच्या पाट्यांची परीक्षा पूर्वीपेक्षा कडक होते, हा रुंदीकरणाचा एक अनपेक्षित परिणाम होय.

ज्यांना गाडीखाली वाकून पाहण्याचा योग आला नसेल, त्यांच्या सोयीसाठी तेथील व्यवस्था थोडक्यात सांगतो. ही पिकअप जीपच्या गोत्रातली. तिला पुढे एका चाकापासून दुसऱ्या चाकापर्यंत अखंड लोखंडी एक्सल आहे, आणि तो एक्सल व वरची चासी यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना पोलादी पट्ट्यांचे, म्हणजे बोलीत ज्यांना पाटे म्हणतात त्यांचे, एकेक जुडगे आहे. सर्वांत वरचा आणि सर्वांत लांब तो मेन पाटा. त्याची दोन्ही टोके वळवून त्यांचे डोळे केलेले असतात आणि त्या डोळ्यांत बुश बसवून त्यांतून पिना ओवलेल्या असतात. त्याच्याखाली उत्तरोत्तर आखूड होत गेलेले पाटे, मधोमध त्यांना एकत्र ठेवणारा सेंटर बोल्ट, आणि साऱ्यांना एक्सलशी जखडणारे यू-क्लँप. ओझे पडले की कमानदार पाटा सपाट होऊ लागतो, सपाट होताना तो लांब होतो, आणि त्याला लांब व्हावयास वाव हवा म्हणून त्याचे एक टोक चासीला थेट न अडकवता शॅकल नावाच्या झुलत्या दुव्यावर टांगलेले असते. पाटे एकमेकांवर घासतात आणि त्या घर्षणाने गाडीची उसळी काही अंशी मारली जाते. राहिलेली मारण्याचे काम शॉकपचे, आणि शॉकप निकामी झाले असल्यास प्रवाशाच्या कण्याचे. रिकामी पिकअप भरलेल्या पिकअपपेक्षा अधिक उडते, हे पुष्कळांना चमत्कारिक वाटते; पण मागचे पाटे टनभर ओझ्याच्या हिशेबाने केलेले असतात, आणि वाशीहून परतताना एकट्यादुकट्या माणसाच्या वजनाची ते दखलही घेत नाहीत.

अखंड एक्सलचा एक धर्म असा की, डाव्या चाकावर कोसळलेले संकट उजव्याला तत्काळ कळते. डावे चाक खड्ड्यात गेले की उजवेही कलते, आणि दोघांच्या त्या कलण्यातून स्टिअरिंगला जो हिसका बसतो तो चालकाच्या मनगटापर्यंत पोचतो. हे टाळण्यासाठी दोन्ही चाकांना आपापल्या पायांवर उभे करणारे, ज्याला इंडिपेंडंट सस्पेन्शन म्हणतात ते, अमेरिकेत जनरल मोटर्सने १९३४ सालच्या आपल्या मोटारींत आणले. त्याआधी इटलीत लान्सियाने १९२२ पासूनच्या लाम्ब्डा मोटारीत ते निराळ्या तऱ्हेने साधले होते. भारवाहू गाड्यांच्या दुनियेत मात्र ह्या स्वातंत्र्याचे वारे फार सावकाश वाहिले. मी एकदा मेहुण्यांना ह्या सुधारणेचे माहात्म्य सांगितले. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “त्यात वरखाली मिळून चार बॉल जॉइंट असतात, भावोजी. स्वातंत्र्य चांगलं, पण सामान कोण भरणार?”

तात्पर्य, पुढच्या बाजूस झिजण्याजोग्या जागा पुष्कळ. पाट्यांचे बुश, शॅकलच्या पिना, चाक ज्याच्याभोवती वळते ती किंगपिन आणि तिचे वरचे-खालचे बुश, दोन्ही चाकांना एका विचाराने वळवणाऱ्या टायरॉडचे दोन्हीकडचे एंड, चाकाचे बेअरिंग, आणि सर्वांवर देखरेख करणारा स्टिअरिंगचा गिअरबॉक्स. यांपैकी प्रत्येकात वयोमानाप्रमाणे थोडे थोडे ढिलेपण येते. त्याला मिस्त्री लोक ‘प्ले’ म्हणतात. कोणाही एकाचा प्ले तपासला तर तो क्षम्य निघतो. पण हे सारे क्षम्य प्ले एकाच हुकमाच्या अंमलबजावणीच्या साखळीत बसलेले असल्यामुळे, चालकाने स्टिअरिंग फिरवल्यापासून चाक वळेपर्यंत मध्ये एवढा अवधी जातो की, वळणाचा निर्णय त्याला वळण दिसण्यापूर्वी घ्यावा लागतो. ह्या दिरंगाईला जबाबदार कोण, हे मात्र शोधून काढता येत नाही. सगळ्यांनी मिळून केलेली आणि कोणीच न केलेली अशी ती गोष्ट असते. ज्यांनी मोठ्या कचेरीत एखादा अर्ज दाखल केला आहे त्यांना ती अधिक फोड न करता समजेल.

कोकणात ह्या झिजेला दोन स्थानिक साहाय्यक आहेत. एक खारा वारा, जो नट आणि बोल्ट यांचे असे ऐक्य घडवून आणतो की पुढे त्यांना विभक्त करण्यास गॅसकटर आणावा लागतो. दुसरी तांबडी माती. टायरॉडच्या एंडवर ग्रीस आत ठेवणारे रबराचे टोपण असते. ते फाटले की पावसाळ्यात जांभ्याचा लाल चिखल आत शिरतो, ग्रीसमध्ये मिसळतो, आणि जो पदार्थ वंगण म्हणून भरला होता तोच पॉलिशपेपरचे काम करू लागतो. वर्षातून दोनदा ग्रीसगन मारून जुने ग्रीस बाहेर ढकलले, तर हे पुष्कळसे टळते. पण निपल चिखलाने बुजलेले असते, ते खरवडावयास पावसात गाडीखाली निजावे लागते, आणि निजण्यासाठी कोकणात पावसाळ्यात ह्याहून चांगल्या जागा उपलब्ध असतात.

मेहुण्यांच्या गाडीच्या बाबतीत प्रकरण येथवर आले की ताशी ५० च्या पलीकडे काटा गेला म्हणजे पुढची चाके थरथरू लागत, स्टिअरिंग डावी-उजवीकडे आपण होऊन नाचू लागे, आणि डॅशबोर्डवरचा गणपती जागच्या जागी प्रदक्षिणा घाली. साठाच्या पुढे गेले की हे सारे थांबे. ही कंपने एका ठराविक वेगाच्या पट्ट्यातच जोर धरतात, हे शास्त्रीयदृष्ट्या बरोबरच आहे. पण त्यावरून मेहुण्यांनी वाहनचालनाचे जे सूत्र बांधले होते ते मात्र त्यांचे स्वतःचे होते. पन्नासच्या आत राहावे, नाहीतर साठच्या पुढे जावे. मधले दहा वर्ज्य. त्यामुळे पुढे एखादा टँकर ताशी ५५ ने निवांत चाललेला आढळला की आमची मोठी कुचंबणा होई. त्याच्या मागे राहावे तर गणपती फिरतो, आणि पुढे जावे तर वळण येते.

ह्या अवस्थेतली गाडी चहाच्या टपरीसमोर उभी केली की निदान करणारांची वाण पडत नाही. मोटारीविषयी ज्ञान असण्यासाठी मोटार असावी लागते, हा गैरसमज ज्यांचा असेल त्यांनी हातखंब्याच्या तिठ्यावर जाऊन उभे राहावे. बँकेतल्या एका गृहस्थांनी बॅलन्सिंगचा दोष सांगितला. एका निवृत्त मुख्याध्यापकांनी बेअरिंगवर बोट ठेवले आणि त्याच्या पुष्ट्यर्थ आपल्या स्कूटरचा १९८० च्या दशकातला दाखला दिला. एका तरुणाने मोबाइलवर व्हिडिओ लावून दाखवला. त्यातली गाडी परदेशी असून तिचे स्टिअरिंग डावीकडे होते, तेव्हा दोष उजवीकडे असावा असा त्याचा निष्कर्ष. एस. टी.चे एक चालक तेवढे काही बोलले नाहीत. त्यांनी चहाचा पेला खाली ठेवला, पुढच्या डाव्या टायरवरून तळवा एकदा आतून बाहेर आणि एकदा बाहेरून आत फिरवला, आणि “दुरुस्त करून घ्या हां,” एवढेच म्हणून आपल्या बसकडे निघून गेले.

त्यांनी योग्य साक्षीदार गाठला होता. टायर फितूर होत नाही. दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी भरत होता. मधला भाग झिजला असेल तर जास्त. एकच कड खाल्ली गेली असेल तर चाके समांतर नाहीत किंवा चाक कलले आहे. तळवा एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखा खरखरीत लागला, तर टायर रस्त्यावर तिरका घासत चालला आहे. आणि ठिकठिकाणी उथळ खळगे पडले असतील, तर शॉकप किंवा सांधे गेले आहेत. आमच्या डाव्या टायरने यांपैकी बहुतेक सर्व आरोपांना पुष्टी दिली.

तरीही दुरुस्तीचा मुहूर्त टायरने ठरवला नाही, पासिंगने ठरवला. मालवाहू गाडी आठ वर्षांची होईपर्यंत तंदुरुस्तीचा दाखला दोन दोन वर्षांच्या मुदतीने मिळतो. त्यापुढे तो दरसाल घ्यावा लागतो. यामुळे जुन्या गाडीच्या आयुष्यात वर्षातून एक दिवस असा येतो की, त्या दिवशी तिचे सर्व दिवे लागतात, हॉर्न वाजतो, दरवाजे आतूनही उघडतात, आणि मागच्या फळीवर नवी लाल चकचकीत पट्टी झळकते. मेहुण्यांची तारीख जूनमधली. आंबा संपलेला, भाताची लावणी व्हावयाची, आणि आकाशात ढग. सबब गाडी मिस्त्रींच्या हवाली झाली.

मिस्त्रींची तपासणी पाहण्यासारखी असते. त्यांनी प्रथम मागच्या चाकांना चिरे लावले, पुढे जॅक लावून डावे चाक चार बोटे वर उचलले, एक्सलखाली लाकडाचा ओंडका सरकवला, आणि मग चाकासमोर उकिडवे बसून एक हात टायरच्या माथ्यावर व दुसरा तळाशी ठेवून ते हलवले. टक्-टक्. हे ऐकताच मेहुणे म्हणाले, “बेअरिंग.” मिस्त्रींनी त्यांच्याकडे पाहिलेही नाही. “छोट्या, ब्रेक दाब,” ते म्हणाले. पोऱ्याने आत बसून ब्रेक दाबून धरला, तशी मिस्त्रींनी पुन्हा चाक हलवले. टक्-टक्. ब्रेक दाबला की चाक आणि त्यामागचा गाभा एक होतात. मग बेअरिंगचा ढिलेपणा असेल तर तो दडपला जातो, आणि तरीही चाक हलत राहिले तर दोष त्यापलीकडच्या किंगपिनचा. एवढी सुंदर, एवढी स्वस्त आणि एवढी निर्णायक उलटतपासणी मी कोर्टात पाहिलेली नाही. पुढे हात डावी-उजवीकडे ठेवून टायरॉड पाहिला, तोही बोलला. पाट्याच्या डोळ्यात पहार घालून नेट दिला. बुशातून रबराचा भुगा पडला. शेवटी मिस्त्रींनी कापडाने हात पुसले आणि जाबजबाब संपल्याच्या स्वरात विचारले, “मालक, गाडी ठेवायची आहे, का विकायची आहे?”

ह्या प्रश्नात अपमान शोधू नये. विकावयाची असेल तर वॉशर टाकून आवाज बंद करता येतो. ठेवावयाची असेल तर सगळे उघडावे लागते. मेहुण्यांनी क्षणभर विचार करून ठेवावयाची आहे असे सांगितले, आणि मिस्त्रींनी त्यांना सामानाची यादी दिली.

सुट्या भागांच्या दुकानात तीन वर्ण आहेत. कंपनीचा, लोकल आणि ह्या दोहोंच्या मध्ये ‘चांगला लोकल’. तिन्हींची खोकी सारखी चकचकीत असून लोकलच्या खोक्यावरील होलोग्राम सर्वांत मोठा असतो. याखेरीज एक चौथा वर्ग मुंबईला कुर्ल्याच्या बाजारात असतो, तेथे मोडीत निघालेल्या गाड्यांचे अस्सल अवयव मिळतात. पण त्यांना पूर्वजन्मीचा प्ले असतो. मेहुण्यांनी यादी हातात घेऊन काउंटरवर एक मध्यम मार्ग सुचवला. एस. टी.ला वाट देताना साइडपट्टीवर उतरावे लागते ते डाव्या चाकाला, मार खाते ते डावे चाक. तेव्हा डावीकडे कंपनीचे सामान घालावे, आणि उजवीकडे, जेथे फारसे काही घडत नाही, तेथे लोकल. युक्तिवादात दोष काढणे कठीण होते. दुकानदारांनी मिस्त्रींना फोन लावला. मिस्त्रींचे उत्तर मला पलीकडच्या बाकावरून ऐकू आले, त्यावरून किंगपिन जोडीनेच बदलतात हे मला कळले, आणि आणखीही काही कळले, ते येथे देत नाही.

उघडण्याचे काम मी जवळून पाहिले. टायरॉडच्या एंडची खुंटी निमुळती असते आणि तितक्याच निमुळत्या भोकात ती वर्षानुवर्षे रुतून बसलेली असते. कॉटरपिन काढली, नट सोडवला, तरी ती हलत नाही. अननुभवी मनुष्य खालून हातोडा मारतो. त्याने खुंटीचे आटे मात्र चेपतात. मिस्त्रींनी भोकाच्या कड्याच्या एका अंगाला एक जड हातोडा टेकवून धरला आणि समोरच्या अंगावर दुसऱ्याने एकच सणसणीत ठोका दिला. कडे निमिषमात्र लंबगोल झाले असावे. खुंटी आपण होऊन खाली गळली. किंगपिनचा मामला याहून दीर्घ. जुने बुश काढून नवे ठोकले की त्यांचे भोक किंचित आवळते. मग त्यांतून रीमर हळूहळू फिरवून ते पिनेच्या मापाला आणावे लागते. माप कोणते? मिस्त्रींनी पिनेला तेल लावले, ती भोकावर उभी धरली आणि अंगठ्याने दाबली. ती थांबली. रीमरचा अर्धा वेढा. पुन्हा अंगठा. पुन्हा थांबली. असे करता करता एकदा ती पिन, कोणतीही घाई न करता, अंगठ्याच्या दाबाने सरळ आत गेली. मिस्त्री काही बोलले नाहीत. पण पोऱ्याने मात्र माझ्याकडे, हे तुम्हाला जमले असते काय, अशा दृष्टीने पाहिले.

ही चाके वळवण्याची भूमिती कोणाची, हाही एक मौजेचा इतिहास आहे. वळताना आतल्या चाकाने जास्त आणि बाहेरच्याने कमी वळले पाहिजे, नाहीतर दोहोंपैकी एक फरफटत जाते. हे ओळखून त्याची जोडणी म्युनिकच्या गेओर्ग लांकेन्स्पेर्गर नावाच्या घोडागाड्या बांधणाराने बसवली. इंग्लंडात १८१८ साली त्याचे पेटंट घेतले गेले ते मात्र त्याचे तिकडचे मुखत्यार रुडॉल्फ आकरमान यांच्या नावे, आणि हे गृहस्थ लंडनमध्ये चित्रांचा आणि पुस्तकांचा व्यापार करीत. आज दोनशे वर्षांनंतरही जगातल्या यच्चयावत पाठ्यपुस्तकांत ती भूमिती आकरमान यांचीच म्हणून शिकवली जाते. सातबारावर नाव एकाचे आणि वहिवाट दुसऱ्याची, हा प्रकार ज्यांच्या घराण्यात चार पिढ्या चालत आला आहे, त्या आमच्या मेहुण्यांनी ही हकिकत ऐकून एवढेच विचारले, “मग लांकेन्स्पेर्गरच्या मुलांनी दावा नाही का लावला?”

गाडी बाहेर आली. किंगपिन नव्या, टायरॉडचे एंड नवे, ग्रीस ताजे. आम्ही पावसाची सर ओसरल्यावर पालीच्या बाजूने एक चक्कर मारली. पन्नास, पंचावन्न, साठ, गणपती अचल. मेहुण्यांच्या मुखावर समाधान पसरत होते, तोच खालून एक नवाच आवाज आला. पूर्वीचा तो टक्-टक् नव्हे. हा अधिक जाड, अधिक विचारपूर्वक, खड्ड्यातून बाहेर येताना मागाहून दिलेल्या अनुमोदनासारखा. आम्ही तसेच मागे फिरलो.

“पाट्याचे बुश,” मिस्त्री म्हणाले.

“पण हा आवाज आधी नव्हता.”

“आधी होताच, मालक. किंगपिन वाजत होती ना, ऐकू कसा येणार?”

जुन्या गाडीच्या पुढच्या बाजूचे सारे रहस्य मला ह्या उत्तरात दिसते. इतकी वर्षे सर्व सांध्यांनी आपापले ढिलेपण एकमेकांत मुरवून एक तह केलेला होता. धक्का आला की प्रत्येकजण थोडासा हलत होता आणि कोणावरच त्याचा पुरता भार पडत नव्हता. त्यांत दोन नवे, ताठ, कर्तव्यदक्ष सांधे बसले. त्यांनी धक्का स्वतःकडे मुरवण्याचे नाकारले आणि नियमाप्रमाणे तो जसाच्या तसा वरच्या पायरीकडे पाठवून दिला. वरच्या पायरीला असे टपाल घेण्याची सवय राहिलेली नव्हती. बुश बदलले, तेव्हा शॅकलच्या पिनेने तोंड काढले; शॅकल झाले, तेव्हा स्टिअरिंगचा गिअरबॉक्स किंचित ढिला असल्याचे उघडकीस आले. येथे मात्र मेहुण्यांनी चौकशी तहकूब केली, आणि मला त्यांचे म्हणणे पटले. एवढा प्ले गाडीत असावाच. नाहीतर शेवटचा धक्का चालकाच्या खांद्याला पोचेल आणि तेथील बुश बाजारात मिळत नाहीत.

शेवटचा सोपस्कार अलाइनमेंटचा. हल्ली तो संगणकावर होतो. चाकांना आरसे अडकवतात, पडद्यावर गाडीचे चित्र येते आणि तिच्या प्रत्येक कोनाचा आकडा लाल किंवा हिरव्या अक्षरांत झळकतो. आमच्या गाडीचे बहुतेक आकडे लाल आले. अखंड एक्सलच्या गाडीत साधारणपणे एकच गोष्ट हाताने फिरवता येते, ती म्हणजे दोन्ही चाकांची तोंडे एकमेकांकडे किती वळावीत हे. बाकीचे कोन एक्सल घडवणाराने कायमचे ठरवून दिलेले. तेव्हा त्या तरुणाने टायरॉड फिरवून तेवढा एक आकडा हिरवा केला, उरलेल्यांचा छापील कागद अदबीने आमच्या हाती दिला आणि पूर्ण पैसे घेतले. गाडी परत आल्यावर मिस्त्रींनी टायरांच्या पुढच्या अंगाचे अंतर टेपने मोजले, मागच्या अंगाचे मोजले, दोहोंत मिलिमीटर-दोन मिलिमीटरांचा फरक पाहिला, आणि कागद न पाहताच म्हणाले, “बरोबर केलंय पोरानं.”

डाव्या बाजूचा मेन पाटा मात्र डोळ्यापाशी तडकलेला निघाला होता, तो बदलावा लागला. मोडका पाटा भंगारात जातो असे ज्यांना वाटते, त्यांना ग्रामीण अर्थव्यवहाराची कल्पना नाही. गाडीच्या पाट्याच्या पोलादासारखा कोयता दुसऱ्या कशाचा होत नाही. तो धार धरतो, नारळाच्या सोडणावर वाकत नाही आणि दगडाला लागून सहसा तुटत नाही. त्या दिवसांत गावाबाहेर वडाखाली एका घिसाड्याचे पाल पडले होते. त्याने तो पाटा हातात घेतला, मधोमध धरून दगडावर त्याचे टोक आपटले, कानाशी नेऊन त्याचा नाद ऐकला, आणि मिस्त्रींनी गाडीखालून बाहेर येताना दाखवली होती त्याहून अधिक आस्था दाखवत म्हणाला, “जुना माल हाय, शेठ. असला आता येत न्हाई.” मजुरी ठरली, कोळसे फुलले, त्याच्या घरधनिणीने घणाखाली तो पाटा घेतला, आणि संध्याकाळपर्यंत त्यांतून आडवळणी पात्याचे दोन कोयते व एक विळा उभे राहिले. मेहुण्यांनी पैसे मोजून दिले. घिसाडी ते कनवटीला लावत गाडीच्या पुढच्या बाजूला वाकला, उजवीकडच्या पाट्याकडे निरखून पाहू लागला आणि आपुलकीने म्हणाला, “ह्यो उजवीकडला कधी निघनार? मी आठ दिवस हाय हितंच.”

“हातखंब्यापर्यंत जाऊन आलो तर आजच,” मेहुणे म्हणाले, आणि त्यांनी गाडी सुरू केली.